ओटीतले चार दाणे

मस्कत सोडून मला वर्ष होत आलं, तरी भेटेल तो विचारतो, "काय मंदाताई, रमलात का इकडं?" अहो, रमायचं काय, मी कुठंही रमते. बोलायला माणूस आणि शेगडीवर भांडं असलं की माझं भागतं. पण रमायला आधी जागा लागते. ती शोधायला मी गेल्या मे महिन्यात डिंभ्यापासून आण्यापर्यंत गेले. नकाशात बघाल तर हसाल. आंबेगाव तालुक्यातून निघायचं आणि जुन्नर तालुक्याचं दुसरं टोक गाठायचं, एवढाच तो प्रवास. तिकडं न गेलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि थोडं माझं मन हलकं व्हावं म्हणूनही.

आमचे हे मस्कतला एका गॅरेजात फोरमन होते. तिकडं राहायची परवानगी नोकरीवर मिळते. यांची नोकरीवर आणि माझी यांच्यावर. त्या मेच्या आधीच्या थंडीत यांना ताप आला, दवाखान्यात नेलं आणि बघता बघता हे गेले. त्यांच्यामागोमाग माझी परवानगीही संपली. अर्धं आयुष्य त्या गावात काढलं, तिथल्या भाजीवाल्याला मेथीची कोवळी जुडी बाजूला ठेवायची सवय लावली, शेजारच्या मल्याळी बाईला पुरणपोळी शिकवली. निघताना विमानतळावरच्या माणसानं राहायच्या परवानगीचं कार्ड काढून घेतलं आणि मान हलवली. झालं, संपलं.

लेक बंगळूरला असते. ती म्हणाली, "आई, माझ्याकडं ये." लेक चांगली, जावई चांगला, पण चौदाव्या मजल्यावर मी कुणाशी बोलू? लिफ्टशी? माझ्या मनात एकच होतं. आण्याला माझं माहेर. घरामागं वडलांचं खळं आहे. आता मळणी यंत्रावर होते, त्यामुळं खळं नुसतंच पडून आहे. त्याच्या कडेला माझ्या पैशानं दोन खोल्या बांधायच्या आणि उरलेले दिवस तिथं काढायचे. जमिनीतला हिस्सा मी कधीच भावाला लिहून दिलाय, खुशीनं दिलाय, तो मला नकोच होता. दोन खोल्यांपुरती जागा हवी होती, बस.

डिंभे

तरी बाईनं आधी सासरी जावं, म्हणून पहिल्यांदा डिंभ्याला गेले. माझं सासर जुन्या आंबेगावचं. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते गाव धरणाच्या पाण्यात आहे. हे नेहमी म्हणायचे, "नोकरी सुटली की गावाला जाऊन राहू." मी म्हणायची, "कुठं, पाण्यात? मला पोहता येत नाही हो." मग दोघंही हसायचो.

मे महिन्यात पाणी उतरतं आणि गावची जमीन थोडे दिवस उघडी पडते. माझे दीर, नाना, मला घेऊन गेले. गाव धरणात गेल्यावर त्यांनी घोडेगावजवळ दोन खोल्या बांधल्या, तिथंच असतात. उन्हानं भेगाळलेला गाळ, मधेच देवळाचे दगड, आणि त्या दगडांवर बगळे. हवा मात्र गार होती, डोंगराकडून येणारी. नाना काठीनं दाखवत होते.

"वयनी, त्यो लांबट दगुड दिसतोय का? त्याच्या म्होरं आपला उंबरा. आन् तिथं चूल व्हती, जिथं त्ये कुत्रं बसलंय."

मला उंबऱ्यापर्यंत जायचं होतं. गाळ वरून वाळलेला दिसत होता, म्हणून पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. नानांनी बखोट धरून ओढलं, पाय निघाला, चप्पल आतच राहिली. नानांनी काठी घालून शोधली, पण गाळानं ती काही परत दिली नाही. मी दुसरी चप्पल हातात घेऊन हसत सुटले. हसता हसता कधी रडायला लागले ते माझं मला कळलं नाही. नाना बिचारे तोंड फिरवून बगळे मोजत उभे राहिले.

परत येताना म्हणाले, "र्‍हायला या म्हनलो असतो वयनी. पन आमीच सहा मान्सं दोन खोल्यांत."

"अहो नाना, मी कुठं मागतेय?" मी म्हणाले. घोडेगावात नव्या स्लिपर घेतल्या. उरलेली चप्पल टाकवेना, ती पिशवीत ठेवली.

खोडद

मंचर, नारायणगाव करत दुसऱ्या दिवशी खोडदला विमलकडं उतरले. विमल माझी आण्याच्या शाळेतली मैत्रीण, इथं दिलेली. तिच्या पायरीवर बसलं की शेतापलीकडं रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या दिसतात. आपण बोलत असतो आणि मधेच बघावं तर त्या सगळ्यांनी मिळून तोंड फिरवलेलं असतं.

"आभाळातलं ऐकत्यात म्हनं त्या," विमल म्हणाली. "हितं घरात माजं कुनी ऐकंना, त्याचं बघा म्हनावं आधी."

तिनं मासवडी केली होती. तीळ-खोबऱ्याचं सारण, वर बेसनाचं कवच आणि सोबत नाकातून पाणी काढणारा रस्सा. मस्कतला मी ती करायची तेव्हा आमची मल्याळी शेजारीण पहिल्यांदा वडी फोडून फोडून त्यात मासा शोधत बसली होती. विमलला हे सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला.

मग मी तिला खळ्याचं सांगितलं. तिचं हसू थांबलं. ताटातला रस्सा बोटानं पुसत ती म्हणाली, "मंदे, लगीच मागू नगंस. आधी दोन दिस र्‍हा. आन् खरकटी भांडी घासाय बस. घासू दिली तर समज, घर तुजं हाये. हातातनं काढून घेतली तर गप पिशवी भर."

"काहीतरीच तुझं," मी म्हणाले. "बबनला मी कडेवर वाढवलाय."

"बबनला वाढवलंयस गं. शालनला न्हाई."

शालन म्हणजे माझी भावजय. मला विमलचा रागच आला. मस्कतला बसून मी माहेराची जी स्वप्नं बघितली होती त्यात असलं काही नव्हतं. तिनं डब्यात मासवड्या बांधून दिल्या, मी तोंड वाकडं करूनच त्या घेतल्या.

आणे

आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याला लागायचं आणि घाट चढून पठारावर यायचं. खाली सगळीकडं कांदा, टोमॅटो, ऊस, आणि वर आलं की एकदम मोकळं, कोरडं, वारा सुटलेला. मे महिन्यात पठारावर हिरवं असं फार काही नसतं. मेंढरं असतात, टँकर असतात आणि आभाळ असतं. मला ते बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मस्कतच्या उघड्या डोंगरांत मी हेच तर शोधत असायची.

बबन फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. केस सगळे पांढरे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा, आणि दिसत होता थोरला. "आक्का, तू लई वाळलीस गं," एवढंच म्हणाला आणि पिशवी घेतली. त्याच्या मागं बसून गावात शिरले तेव्हा मला वाटलं, पोचले बाई.

शालननं भाकर-तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. जेवायला आमटी होती. आण्याची आमटी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. यात्रेत ती मोठमोठ्या कढयांत शिजते आणि सगळं गाव भाकरी कुस्करून ओरपतं. शालनची आमटी अगदी तशीच होती. मी तीन वेळा मागून घेतली. खोटं कशाला बोलू, तिच्या हाताला माझ्या आईच्या हातापेक्षा चव आहे.

पण माझ्यासाठी पाणी बाटलीतलं आलं. "हितलं तुमाला सोसायचं न्हाई वन्सं," शालन म्हणाली. मी म्हणाले, "अगं, याच पाण्यावर वाढले मी." ती हसली आणि बाटली तिथंच ठेवली. झोपायला नवी गादी, घरातला एकुलता एक टेबलफॅन माझ्या उशाशी. बबन आणि ती अंगणात. मी नको नको म्हणाले, पण कोण ऐकतंय?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी पदर खोचला आणि मोरीत भांड्यांपाशी बसले. राखेत काथ्या बुडवला तोच शालन आली.

"अगं बया! र्‍हाऊ द्या, र्‍हाऊ द्या वन्सं. पावण्यांनी भांडी घासायची व्हय? गाव काय म्हनंल मला!"

तिनं माझ्या हातातून कढई काढून घेतली. प्रेमानंच घेतली, हात धुवायला तांब्याही दिला. मी उठून उभी राहिले आणि माझ्या कानात विमल बोलत होती.

तरी मी हट्टी. संध्याकाळी बबनला घेऊन खळ्यावर गेले. मळणीला ज्याच्याभोवती बैल फिरायचे, तो मधला तिवड्याचा खांब कधीच गेला होता. त्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. कडेचं चिंचेचं झाड तेवढं होतं. लहानपणी मळणीच्या दिवसांत मी बबनला कडेवर घेऊन इथं पाखरं हाकायची, तो माझ्या वेण्या ओढायचा.

"बबन," मी म्हणाले, "चिंचेच्या बाजूला मला दोन खोल्या बांधू दे. खर्च माझा. मी गेल्यावर तुझ्याच पोरांना. मला फक्त इथं राहायचंय रे."

बबन खाली बसला. एक काडी उचलून मातीत रेघा ओढत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरांना इचारतो." त्याची दोन्ही पोरं चाकणला कंपनीत आहेत. मग काडी टाकून उठला आणि गोठ्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी चा घेतला का?"

तुमी! मी आधी मागं वळून बघितलं, मला वाटलं कुणी आलंय. अहो, जन्मात कधी या पोरानं मला तुम्ही म्हटलं नव्हतं. फोनवर सुद्धा, "आक्का, तू कवा येनार?" हेच असायचं. आणि आता तुमी चा घेतला का, तुमी अंघोळ करून घ्या, तुमाला ऊन लागंल. दिवसभर तो तुमी-तुमी करत होता. काय बोलणार? मला आदर नको, तू म्हण, असं सांगून का कुणी तू म्हणतं?

शालन मात्र बोलत होती. "बिबट्या लई झालाय वन्सं. मागल्या महिन्यात चिंचंखालनंच शेळी न्हेली. एकली बाई मानूस तिथं कशी र्‍हानार? आन् पान्याचं तर तुमी बघताच. टँकर आला तर आला." यातलं काहीही खोटं नव्हतं. रात्री कुत्री भुंकत ती मीही ऐकत होते. पण ती हे सांगताना तांदूळ निवडत होती, आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती.

ओमानमध्ये पाहुण्याला कावा, म्हणजे तिकडची कॉफी देतात. कप रिकामा झाला की भरतात, पुन्हा भरतात, थांबत नाहीत. पुरे झालं की पाहुण्यानं कप हातात धरून नुसता हलवायचा. मग समजतात, पाहुणा उठणार. मला वाटायचं, काय छान रीत, उठायचं कधी ते पाहुण्याच्या हातात. आपल्याकडं कसं असतं ते मी इतक्या वर्षांत विसरून गेले होते.

चौथ्या दिवशी सकाळी बबन उजाडायच्या आत कुठंतरी निघून गेला होता. माझी अंघोळ झाली तशी शालननं हाक मारली. "वन्सं, पाटावर बसा." बघते तर पाट मांडलेला, ताटात गहू, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण.

माझी ओटी! मला विधवेला! मी पाटावर बसले. मस्कतला हे गेल्यावर आमच्याच मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मला कुणी बोलावलं नव्हतं, मी घरात दिवा न लावता बसून राहिले होते. आणि इथं ही पठारावरची, दहावीसुद्धा न झालेली शालन माझ्यासाठी खण घेऊन उभी! कुंकवाच्या करंड्यापाशी तिचा हात थांबला. मग तिनं हळद घेतली आणि माझ्या कपाळाला लावली. पदरात नारळ आला, खण आला, ओंजळभर गहू आले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मनात म्हटलं, विमे, बघ, तू काय बोललीस आणि हिनं काय केलं.

ओटी घेतली की त्यातले चार दाणे माहेरच्या घरात मागं ठेवायचे असतात, म्हणजे माहेर भरलेलं राहतं. आईनं शिकवलेलं. ते दाणे काढायला मी पदरात हात घातला, तेवढ्यात शेजारच्या गऊकाकू दारात आल्या. नव्वदीच्या, कमरेत वाकलेल्या. त्यांनी माझी भरलेली ओटी बघितली आणि म्हणाल्या,

"अगं मंदे, आजच निघालीस व्हय?"

माझा हात तसाच पदरात राहिला. खरंच की! ओटी भरतात ती निघालेल्या लेकीची. राहायला आलेल्या बाईची ओटी कोण कशाला भरेल? मी शालनकडं बघितलं. मला वाटत होतं, ती म्हणेल, नाही हो काकू, वन्सं कुठं निघाल्यात. एवढं एकच वाक्य. ती ताटातलं हळकुंड सरळ करत राहिली. मग हळूच म्हणाली, "धा वाजता जीप हाये आळेफाट्याला. ऊन व्हायच्या आत गेलेलं बरं. मी भाकरी बांधलीया."

तिचेही डोळे भरले होते, हे मी सांगायलाच हवं. तिनं माझा मान ठेवला होता, गावात कुणी ठेवला नसता तेवढा ठेवला होता. आणि त्याच हातानं मला वाटेला लावलं होतं. मी तिच्यावर चिडू की तिच्या गळ्यात पडू, मला समजेना. मी पदर सावरून उठले आणि म्हणाले, "हो काकू, निघाले."

आळेफाटा

आळेफाट्याला हॉटेलं, गॅरेजं, ट्रक, हॉर्न, नाशिककडं जाणाऱ्या गाड्या. स्टँडवर सावलीत बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत खणात बांधलेली ओटी, आणि तळाशी ती एकटी चप्पल. तिकडं गॅरेजातून ग्रीसचा वास येत होता, यांच्या कपड्यांना यायचा तसा. मी मुळीच रडायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्या वासानं माझं सगळं ठरवणं मोडलं.

तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. बबन. धुळीनं माखलेला.

"चष्मा इसारला व्हता," म्हणाला आणि खिशातून काढून दिला.

चष्मा माझ्याकडं दोन आहेत, हे त्याला माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी त्याला दोन्ही दाखवले होते. आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतला. त्यानं बशीत ओतून घेतला, पण प्याला नाही. बशी हातात तशीच.

"थोरल्याचं लगीन ठरतंय," तो म्हणाला. "पोरीकडचे म्हनत्यात, बंगला पाहिजे. तो खळ्यावरच बांधायचाय. मी म्हनलो, आक्काला दोन खोल्या दिऊ कडंला. तर दोघंबी फोनवर वराडले. एकदा बांधलं की पुन्यांदा कुनी उठत न्हाई म्हनले."

"बरं," मी म्हणाले.

"शालनला मीच सांगितलं, तू सांग. मला तोंड न्हवतं." बशीतला चहा त्याच्या हातावर सांडला. "मी काय करू, सांग. आक्का, तूच सांग."

तूच. दिवसभराच्या तुमी-तुमीनंतर तो मला पुन्हा तू म्हणाला, आणि तो कशासाठी म्हणाला, तर मला परत पाठवण्यासाठी. मला त्याचा राग यायला हवा होता. नाही आला. मला फक्त तो सहा वर्षांचा दिसत होता, नाक गळत असलेला, पाखरांना भिणारा. मी पदरानं त्याचा हात पुसला आणि म्हणाले, "काही करू नको. पोरांची घरं होऊ देत."

मग मला आठवलं, दाणे मागं ठेवायचे राहिलेत. गऊकाकू आल्या आणि माझा हात पदरातच राहिला होता. आता घर तर मागं, घाटाच्या वर. मी पिशवीतून खण काढला, गाठ सोडली, चार दाणे घेतले आणि बबनच्या शर्टाच्या खिशात टाकले.

"घरात देवापाशी ठेव. माझ्याकडनं राहिले."

त्यानं खिशात वाकून बघितलं. त्याची हनुवटी हलायला लागली. माझी गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मी म्हणाले, "येते रे." मस्कतहून निघताना 'येते' असं म्हणायला कुणी नव्हतं.

खिडकीशी बसून बघितलं. बबननं मोटारसायकल नगरच्या रस्त्याला वळवली. ट्रकांच्या गर्दीतून तो हळूहळू, अगदी कडेकडेनं चालला होता. एक हात हँडलवर होता. दुसऱ्या हातानं त्यानं छातीवरचा खिसा घट्ट धरला होता.